तालमीकडे लक्ष ठेवा

माणगंगा सांगोला तालुक्यातून येते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. वर्षातले कित्येक महिने तिच्या पात्रात नुसती वाळू असते. सह्याद्रीने पाऊस अडवलेला हा माणदेश. सोलापूर जिल्ह्याच्या याच कडेला आटपाडी लागून आहे, आणि तिथल्या मातीतून १९५५ साली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली.

मर्ढेकर, गाडगीळ यांचं नवसाहित्य मुंबईच्या गर्दीत वाढलं. माडगूळकरांनी ते धनगरांच्या वस्तीत नेलं. कादंबरीला रूढ अर्थाने नायक नाही, रचून आणलेलं कथानक नाही. राजाराम नावाचा कोवळा मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, पुढे दुष्काळ पडतो, वाडी उठते. एवढंच. मग हे छोटंसं पुस्तक मिटल्यावर एक अख्खं जग बुडताना पाहिल्यासारखं का वाटतं?

मला त्याचं उत्तर वाडीच्या तालमीत सापडतं. तालमीची कल्पना मास्तरची, पण ती उभी राहते गावाच्या कष्टावर. राजा स्वतः उद्घाटनाला येतो. त्या राजामागे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी दिसतात: सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, १९३९ साली आपला अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारणारे. इथवर तालीम म्हणजे गावाची एकजूट, आणि परीक्षेच्या वहीत आपण तेवढंच लिहून मोकळे होतो.

मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. तालीम जागच्या जागी असते, पण आता ती वेगळी दिसू लागते. मेंढपाळाचं आयुष्य कळपामागे चालण्याचं. त्याने भिंत बांधली म्हणजे इथेच राहायचं असं मनाशी ठरवलं. तो निश्चय पावसाने मोडला. जी भिंत गावाच्या बळाची खूण होती, तीच त्याच्या हतबलतेची खूण झाली. लेखकाने त्यासाठी एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही. किती विलक्षण आहे हे!

वाडीतल्या शेकूच्या बायकोचंही तसंच. औताला दुसरा बैल नाही, म्हणून ती स्वतःच जुवाखाली खांदा देते. वाचताना ती एकट्या शेकूची बायको असते. कादंबरी संपल्यावर कळतं, साऱ्या वाडीनेच तो खांदा दिला होता.

व्हर्जिनिया वुल्फची ‘टू द लाइटहाउस’ १९२७ सालची. माडगूळकरांचा जन्मही त्याच वर्षीचा. त्या कादंबरीतही माणसं निघून जातात आणि रिकामं घर मागे राहतं. दीपगृहातून आपल्याला काहीच सुचवायचं नव्हतं, वाचक आपापल्या भावना तिथे साठवतील असा भरवसा होता, असं वुल्फने रॉजर फ्राय या मित्राला कळवलं होतं. प्रतीक असंच घडतं. लेखक एखादी वस्तू नेमक्या जागी ठेवतो. पुढे घडत जाणाऱ्या गोष्टी आणि वाचणाऱ्याचं मन तिच्यात अर्थ भरत जातात. म्हणून सुगीत वाचलेली तालीम आणि टंचाईत वाचलेली तालीम एक नसते, आणि सोलापूरकराला या दोन्हींची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

‘बनगरवाडी’ पूर्वी वाचली असेल तर पुन्हा काढा. तालमीचा पहिला उल्लेख येईल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तिथून शेवटच्या पानापर्यंत तिच्यावरची नजर हटवू नका.