वीस मिनिटांची दमछाक : ‘शॉर्ट ट्रॅक’ माउंटन बाइक शर्यत नवख्याला का पेलते?

बेंगळुरू : कोरमंगला आज नवउद्योगांसाठी ओळखले जाते, परंतु त्याचा एक भाग मुळात खेळाडूंसाठी वसवण्यात आला. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे क्रीडाग्राम आणि इनडोअर स्टेडियम उभे राहिले. या परिसरातील नोकरदाराला आता माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरावेसे वाटले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण दमाची नसून जागेची असते. खडकाळ वाटा, झाडी आणि चढउतार असलेले तुरहळ्ळी वनक्षेत्र येथून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. अवलहळ्ळीच्या वाटा शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाच्या पलीकडे आहेत. दोन्ही ठिकाणी वन विभागाच्या नियमांचे बंधन असते. तुरहळ्ळीत वृक्षउद्यान उभारण्याच्या प्रस्तावावरून २०२१ मध्ये नागरिकांनी आंदोलन केले होते. उरलेल्या मोजक्या हिरव्या जागांवर शहराचा किती ताण आहे, हे त्यातून दिसले.

या परिस्थितीत क्रॉस कंट्री शर्यतीचा ‘शॉर्ट ट्रॅक’ हा छोटा प्रकार लक्ष वेधून घेतो. ऑलिंपिकमध्ये १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून खेळली जाणारी मूळ क्रॉस कंट्री शर्यत अव्वल खेळाडूंनाही सुमारे दीड तास झुंजवते, आणि तिच्या एका फेरीलाच कित्येक किलोमीटरचा डोंगराळ मार्ग लागतो. शॉर्ट ट्रॅकची फेरी मात्र दोन किलोमीटरपेक्षा लांब नसते आणि शर्यत साधारण २० ते २५ मिनिटांत संपते. अमेरिकेतील राष्ट्रीय मालिकेत हा प्रकार १९९० च्या दशकातच रुजला होता. विश्वचषकात तो २०१८ पासून आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०२१ पासून आहे. इटलीतील व्हाल दि सोले येथील त्या पहिल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा क्रिस्टोफर ब्लेव्हिन्स आणि स्वित्झर्लंडची सिना फ्राय विजेते ठरले.

भारतीय हौशी सायकलस्वाराची मानसिकता मात्र अंतराशी बांधलेली आहे. २०० किंवा ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ सफरी अनेक शहरांत होतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे सार्थ कौतुक झाले. पण शंभर किलोमीटर सहज चालवणारा माणूस शॉर्ट ट्रॅकच्या दुसऱ्या फेरीत कोलमडू शकतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

त्याचे कारण सुरुवातीत दडलेले असते. सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि अरुंद वाट लागण्यापूर्वी पुढे जाण्यासाठी धावपळ उडते. पहिल्या मिनिटातील हा जोर स्नायूंतील साठवलेल्या ऊर्जेवर निभतो. त्या प्रमाणात प्राणवायू पुरवणे हृदय व फुप्फुसांना अद्याप जमलेले नसते. त्यामुळे पायांत जडपणा येतो, श्वास तुटू लागतो, आणि वेग कमी केल्याशिवाय शरीर सावरत नाही. उलट वीस मिनिटांचा बहुतांश भाग प्राणवायूच्या आधारेच पार पडतो. म्हणजेच लांब पल्ल्याने कमावलेला दम येथेही उपयोगी ठरतो. तो पहिल्या दोन मिनिटांत उधळला नाही तर. नवख्याने मागच्या रांगेतून सुटावे, पहिली फेरी किंचित हात राखून चालवावी आणि इतर जण थकू लागले की एकेकाला गाठावे. हा मार्ग भित्रेपणाचा वाटेल, पण पहिल्या शर्यतीत तो बहुधा अधिक वरचा क्रमांक मिळवून देतो.

लांब शर्यतीत शरीर वाटेत तापते, येथे तेवढी सवड नसते. म्हणून सुटण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे सायकल चालवून, मधे दोन-तीन वेळा थोडा वेळ जोर लावून घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा कुटुंबात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे ही औपचारिकता समजू नये. या शर्यतीत हृदयाची गती कमाल मर्यादेजवळ दीर्घकाळ राहते.

छोट्या फेरीचा मोठा लाभ म्हणजे तेच वळण पुन्हा पुन्हा येते. पहिल्या वेळी घसरलेला चाक-मार्ग तिसऱ्या वेळी सुधारता येतो. शाळेत पाढे घोकण्यासारखेच हे! बेंगळुरूच्या परिसरात घट्ट लाल मातीवर सुटी वाळू आणि मधूनच उघडा खडक असतो. अशा जमिनीवर ब्रेक वळणाच्या आधी, चाक सरळ असतानाच लावावा. वळताना लावला तर पुढचे चाक निसटते. गिअरही चढ सुरू होण्यापूर्वी हलका करावा, कारण जोर पडलेल्या साखळीवर तो बदलत नाही. नजर चाकासमोरच्या दगडावर खिळली की सायकल नेमकी त्या दगडाकडेच जाते.

सायकल महागडी हवीच असे नाही. पुढे शॉक असलेली साधी सायकल, नीट लागणारे ब्रेक आणि हेल्मेट पुरेसे असतात. टायर मात्र दगडासारखे कडक भरू नयेत, कारण हवा थोडी कमी असली की पकड वाढते. ती फार कमी केली, तर खडकावर ट्यूब चेपून पंक्चर होते. हँडलची टोके बुचांनी बंद आहेत, हेही पाहावे. पडताना उघडी नळी पोटात घुसू शकते.

मोठ्या स्पर्धांत आघाडीवीराने एक फेरीने मागे टाकलेल्या स्पर्धकाला शर्यतीतून बाहेर काढले जाते. छोट्या मार्गावर हे नवख्यांच्या वाट्याला सर्रास येते. त्यात अपमान नसतो. ज्या क्रमाने बाहेर काढले, त्या क्रमाने निकालात नाव लागते. मागून ‘डावीकडून’ किंवा ‘उजवीकडून’ अशी हाक आली, तर एकदम बाजूला न वळता आपली रेषा कायम ठेवावी आणि रुंद जागा येताच वाट द्यावी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा भारतात आंतरराष्ट्रीय दर्जाचा मार्ग तयार होऊ शकतो हे सिद्ध झाले. परंतु तसा डोंगर प्रत्येक शहराला लाभत नाही. दीड किलोमीटरची फेरी मात्र एखाद्या शेतमळ्यात, महाविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारात किंवा वापरात नसलेल्या खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने फीत बांधून आखता येते. त्यासाठी वनात शिरावे लागत नाही, आणि प्रेक्षकांना व रुग्णवाहिकेला मार्गाच्या जवळजवळ प्रत्येक भागाजवळ थांबता येते. अडथळा पावसाचा असतो. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरदार सरी पडतात, आणि ओल्या लाल मातीवर पन्नास सायकली फिरल्या तर पडलेल्या चाकोऱ्या वाळून पुढचे कित्येक आठवडे टिकतात. म्हणून मार्ग ओला असताना शर्यत पुढे ढकलणे हेच जमीनमालकाशी संबंध टिकवणाऱ्या आयोजकाच्या हिताचे असते.