हळदीच्या ढिगापाशी बसलेलं गणित
लेखमाला : तीन ते सहा (भाग 7)

मागच्या भागात अंगणवाडीतला एक दिवस पाहिला. या वेळी एक अख्खा आठवडा घेऊ आणि तो घरच्यांपर्यंत कसा पोचवावा तेही बघू. हिंगोली जिल्ह्यात वसमतपासून सेनगावपर्यंत लेकराला न्यायला आलेल्या आजीचा प्रश्न बहुधा एकच असतो, "ताई, आज काय लिवलं यानं?" वही कोरी निघाली की 'नुसतं खेळवतात' असा शेरा बसतो. आजीची तळमळ खरी आहे. तिला उत्तर मिळायला हवं, तेही दर आठवड्याला.

आठवडा फेब्रुवारीतला धरू, विषय हळद. या दिवसांत शिवारात काढणी चालू असते, कुकर लागलेले असतात, गावभर हळद शिजल्याचा वास असतो. सोमवारी मुलांनी घरून दोन-चार तुकडे आणायचे. वास घ्यायचा, हाताला रंग लागू द्यायचा, 'आमच्या शेतात काय चाललंय' ते सांगायचं. भाषेचा तास तो हाच.

मंगळवारी सगळे तुकडे चटईवर ओतायचे आणि ताईंनी म्हणायचं, "लावा बरं नीट." कुणी मोठे आणि लहान वेगळे करतं. कुणी मोडके बाजूला काढतं. एखादी चिमुरडी तिसराच ढीग करते. "हे इकडं का ठेवलंस गं?" विचारलं तर सांगते, "ह्याला बोटं हायेत." शेतकरी जेठा गड्डा, बगल गड्डा आणि हळकुंड ओळखतो ते असंच आकार पाहून. चार वर्षांच्या मुलीनं स्वतः एक कसोटी ठरवली, ती प्रत्येक तुकड्याला लावली आणि शब्दांत मांडली. पुढं पहिलीत संख्या शिकताना हेच वर्गीकरण कामी येतं. ताईंनी तिथं 'असं नाही, असं लाव' म्हटलं की सगळं गेलं.

बुधवारी ओल्या हळदीनं कागदावर रेघोट्या मारायच्या आणि त्यावर साबणाचं पाणी सोडायचं. पिवळं लाल होतं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं ते आईला ठाऊकच असतं. लेकरू ते पहिल्यांदा बघतं आणि 'पुन्हा करा' म्हणतं. पुढचे दोन दिवस गाणं, गोष्ट आणि लुटुपुटीचा बाजार. शनिवारी उजळणी.

असा बेत ताईंच्या मनाला आला म्हणून होत नाही. केंद्र सरकारनं 2024 मध्ये आणलेल्या 'आधारशिला' अभ्यासक्रमात तीन ते सहा वयासाठी वर्षाचे 48 आठवडे आखले आहेत. 4 आठवडे रुळण्याचे, 36 नव्या शिकण्याचे, 8 उजळणीचे. आठवड्याची मांडणी पाच अधिक एक दिवस अशी, आणि सगळा भर खेळावर.

आता लिहिण्याचं. मनगटात 8 लहान हाडं असतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. त्या हाताला पानभर 'अ' गिरवायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. हळकुंड चिमटीत धरणं, माती मळणं, मणी ओवणं यांनी बोटं तयार होतात. पेन्सिल मग आपसूक नीट धरली जाते. आजीला हे एकदा समजावून सांगितलं तर ती ऐकते, असा माझा अनुभव आहे.

पण सांगायचं कसं? 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. दारात बसलेली आई घरकाम करता करता सगळं बघत असे, वेगळा निरोप धाडावा लागत नसे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरत गेली. तिला खोली मिळाली, भिंती आल्या, ते चांगलंच झालं. मात्र आईचं ते बघणं गेलं. ते भरून काढायला आठवड्याचा निरोप हवा.

निरोप लहान असावा. दारावरच्या फळ्यावर तीन ओळी : या आठवड्यात काय केलं, त्यातून काय शिकलो, घरी काय करता येईल. घरचं कामही घरातलंच हवं : भाजी निवडताना शेंगा लेकराला वेगळ्या करू द्या, आणि असं का लावलंस ते विचारा. वाचता न येणाऱ्या आजीसाठी, आणि ऊसतोडीला परमुलखात गेलेल्या आईबापांसाठी, ताईंच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा संदेश फोनवर जावा. फडावर रात्री तो ऐकणाऱ्या आईला 'जेवलास का' यापलीकडं लेकराशी बोलायला विषय मिळतो. वजन-उंचीची गोष्ट मात्र ज्याची त्यालाच, बाजूला घेऊन सांगावी. फळ्यावर कुणाचा पहिला-दुसरा नंबर नको.

ताईंकडं आधीच पोषण आहार, गृहभेटी आणि मोबाइलमधल्या नोंदींचा ढीग आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणून निरोपाचं काम आलटून पालटून एकेका पालकाकडं द्यावं. शनिवारी तासभर वर्गात बसायचं आणि जे दिसलं ते ताईंना विचारून इतरांना कळवायचं. हळदीच्या दिवसांत आईला सवड नसली तर आजोबा येऊ शकतात. ढीग लावण्यात त्यांचा हात कोण धरणार?

पुढच्या भागात तांड्यावरच्या अंगणवाडीत जाऊ. घरी गोरमाटी बोलणारं मूल तिथं मराठी कसं शिकतं ते पाहू.