३०० लढती, २५६ पराभव : ब्रिटनच्या 'जर्नीमन' बॉक्सरकडून निकाल वाचायला शिकूया



शेकडेवारीचा पाठ घेताना मी एकदा फळ्यावर चार आकडे लिहिले. लढती ३००, विजय ३२, पराभव २५६, बरोबरी १२. हा एका बॉक्सरचा हिशोब आहे एवढंच सांगितलं आणि विचारलं, "हा खेळाडू कसा असेल? एका शब्दात सांगा." उत्तरं पटापट आली. कच्चा, फालतू, हरणारा. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तो एवढा हरत होता, तर त्याला ३०० वेळा बोलावलं कुणी?"

त्या प्रश्नाने गणिताचा तास बाजूला राहिला. आज तोच विषय तुमच्यासमोर मांडतो आहे. आपण सगळेच मुलांचे निकाल वाचतो, आणि निकाल वाचायचा कसा हे या बॉक्सरांच्या गोष्टीतून चांगलं समजतं.

'जर्नीमन' म्हणजे कोण?

फळ्यावरचे आकडे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पीटर बकली या व्यावसायिक बॉक्सरचे होते. तो १९८९ ते २००८ अशी १९ वर्षं रिंगमध्ये उतरला. अशा बॉक्सरला ब्रिटनमध्ये 'जर्नीमन' म्हणतात.

या शब्दाचा प्रवासाशी संबंध असेल असं वाटतं, पण त्याचं मूळ वेगळं आहे. फ्रेंच भाषेतल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. जुन्या युरोपात कारागिरांच्या तीन पायऱ्या असत. आधी शिकाऊ, मग रोजावर काम करणारा तयार कारागीर आणि शेवटी स्वतःचं दुकान असलेला उस्ताद. मधला तो जर्नीमन. आपल्या भाषेत रोजंदारीवरचा कारागीर. हाताला कसब आहे, काम चोख आहे, फक्त दुकान दुसऱ्याचं आहे. बॉक्सिंगमधला जर्नीमन अगदी असाच असतो.

घरचा कोपरा, पाहुणा कोपरा

टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लढती सोडून द्या. ब्रिटनमधलं बरंचसं व्यावसायिक बॉक्सिंग छोट्या सभागृहांत चालतं. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातलं यॉर्क हॉल हे त्यातलं प्रसिद्ध ठिकाण. इथे एका रात्रीत अनेक लढती लागतात आणि बहुतेक लढतींत एक बॉक्सर 'घरचा' असतो, तर दुसरा 'पाहुणा'.

घरचा बॉक्सर तरुण असतो, त्याच्याकडून पुढे मोठ्या आशा असतात. तो आपल्या मित्रांना, नातेवाइकांना, गल्लीतल्या लोकांना तिकिटं विकतो. त्या पैशांतून सभागृहाचा खर्च निघतो आणि समोरच्या बॉक्सरचं मानधनही निघतं. म्हणजे बघा, पाहुण्याला पैसे मिळतात ते घरच्या बॉक्सरला बघायला आलेल्या लोकांच्या खिशातून. तरुण बॉक्सर जिंकत राहिला तर लोक पुन्हा येतात. हरला तर पुढच्या वेळी तिकिटं खपत नाहीत.

मग पाहुणा कोण बोलवायचा? अगदीच कच्चा बोलावला तर तरुण काहीच शिकत नाही. फार तगडा बोलावला तर तरुणाची वाट लागते. हवा असतो तो अनुभवी, दमदार, वेळेवर येणारा, वजनात बसणारा माणूस. तरुणाला चार-सहा फेऱ्या काम करायला लावील, चुका दाखवून देईल आणि सहसा गुणांवर हरेल असा. प्रसंगी एक-दोन दिवस आधी फोन आला तरी बॅग उचलून निघणारा. त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. बकलीला बोलावलं जायचं, कारण तो आपल्या कामात चोख होता. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद तरुणपणी बकलीशी दोनदा लढला. अशा अनुभवी माणसांसमोर उभं राहूनच तरुण बॉक्सर तयार होतात.

न पडण्याची कला

आता दुसरे आकडे पाहा. नन्ईटन गावच्या ख्रिस्तियन लेट या बॉक्सरच्या लढतीही ३००. विजय १२, पराभव २७९, बरोबरी ९. म्हणजे विजयाचं प्रमाण फक्त ४ टक्के. पण या २७९ पराभवांपैकी लढत मध्येच थांबवावी लागली, असं फक्त ५ वेळा झालं. बाकी वेळा तो शेवटची घंटा होईपर्यंत पायांवर उभा होता. सलग १५ वर्षं आपल्यापेक्षा तरुण, ताज्या, जिंकायला आसुसलेल्या मुलांसमोर हे करून दाखवणं म्हणजे काय, याचा विचार करा. ठोसा येताना डोकं किती इंच हलवायचं, कधी मिठी मारून समोरच्याचे हात बांधायचे, कधी दोरांना टेकून दम घ्यायचा, हे सगळं त्याला ठाऊक असणार. त्याशिवाय हा आकडा येत नाही.

ही कला पोटासाठीही लागते. ब्रिटनमध्ये व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल ही १९२९ मध्ये स्थापन झालेली संस्था देते. बॉक्सर नॉकआऊट झाला किंवा मार बसतोय म्हणून लढत थांबवली, तर त्याला किमान २८ दिवस रिंगमध्ये उतरता येत नाही. नियम त्याच्या आरोग्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण हिशोब करून पाहा. लेटच्या १५ वर्षांत ३०० लढती म्हणजे साधारण दर १८ दिवसांनी एक. २८ दिवस बंदी म्हणजे एखाद-दुसरी लढत गेलीच. चार फेऱ्यांच्या लढतीचं जे मानधन मिळतं, त्यातून मॅनेजर आणि ट्रेनरचा वाटा जातो आणि उरलेल्यावर घर चालतं. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडला तर काय होतं, हे आपल्या पालकांना वेगळं सांगायला नको.

ज्याच्या हातात जोर आहे, त्याची अडचण

इथून खरी अवघड गोष्ट सुरू होते. काही जर्नीमनांच्या हातात नुसतं कसब नसतं, जबरदस्त ताकदही असते. एक ठोसा नीट बसला तर समोरचा आडवा होईल अशी. आपल्याला वाटेल, मग प्रश्नच काय, मारावा आणि जिंकावं!

पण जिंकल्यावर काय होतं? ज्या तरुणाने इतकी तिकिटं विकली, त्याचा निकाल बिघडतो. त्याचा मॅनेजर नाराज होतो. बातमी पसरते की या माणसाला बोलावणं धोक्याचं आहे. आणि फोन वाजायचा कमी होतो. ज्याच्या ठोशात जोर नाही त्याला निर्धास्तपणे बोलावलं जातं. ज्याच्या ठोशात जोर आहे त्याला बोलावताना लोक दहादा विचार करतात. म्हणजे या व्यवसायात सगळ्यात मोठं बळच पोटावर पाय आणू शकतं. म्हणून असे बॉक्सर अनेकदा हात राखून लढतात. ठोसा मारतात, पण समोरच्याला जाणीव होईल इतकाच. तरुण बॉक्सर बेफिकीरपणे हात खाली सोडून पुढे आला, तर एक सणसणीत ठोसा देऊन सांगतात, 'बाळा, हात वर ठेव.' त्याला खरा धडा तिथे मिळतो.

कुस्तीची आवड असलेले वाचक लगेच म्हणतील, ही तर नुरा कुस्ती झाली! तर नाही, इथे फरक आहे. नुरा कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो आणि दोघांनाही तो माहीत असतो. इथे निकाल कुणी ठरवत नाही. ठोसे खरे असतात, रक्त खरं असतं आणि जर्नीमनने पूर्ण जोर लावून समोरच्याला झोपवलं, तर तो विजय त्याच्याच नावावर लागतो. त्याला अडवतो तो फक्त उद्याच्या कामाचा विचार. फसवणूक आणि परिस्थितीचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातली रेघ मात्र नेहमीच ठळक नसते, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आणि कधीकधी तो हात सुटतोच. २००० साली वेल्समधल्या स्वान्सीचा तरुण एन्झो मॅकारिनेली हा मोठ्या आशेचा बॉक्सर होता. त्याच्यासमोर लिंकनचा ली स्वेबी उभा राहिला. स्वेबीच्या खात्यावर विजय होते तसे पराभवही होते. त्याने तिसऱ्या फेरीत मॅकारिनेलीला नॉकआऊट केलं. मॅकारिनेलीने कच खाल्ली नाही. पुढे २००६ मध्ये तो डब्ल्यूबीओ या संघटनेचा क्रूझरवेट गटातला जगज्जेता झाला. पण सुरुवातीच्या त्या पराभवाची नोंद त्याच्या खात्यावर कायमची राहिली. पाहुण्या कोपऱ्यातल्या माणसाला गृहीत धरायचं नसतं, हे ती नोंद आजही सांगते.

गुणपत्रिका अर्धंच सांगते

ब्रिटनमधल्या अशा छोट्या लढतींत वेगळे परीक्षक नसतात, रेफरी एकटाच गुण देतो. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९. चारही फेऱ्या गमावल्या तर निकाल ४०-३६ लागतो. दोन गमावल्या, एक जिंकली आणि एक बरोबरीत गेली तर ३९-३८. पहिल्या लढतीत बॉक्सर प्रत्येक फेरीत मागे पडला. दुसरीत तो फक्त एका गुणाने हुकला. पण कारकिर्दीच्या यादीत दोन्हींसमोर एकच शब्द येतो, 'पराभव'. आपल्या प्रगतिपत्रकातही ३४ आणि ४ अशा दोन्ही गुणांसमोर एकच शेरा येतो ना? तसंच हे.

आता दोन शेवटच्या लढती पाहा. पूर्व लंडनच्या जॉनी ग्रीव्ह्जने बरोबर १०० लढती केल्या, त्यांपैकी ९६ हरल्या. त्याची शंभरावी आणि शेवटची लढत २०१३ मध्ये यॉर्क हॉलमध्ये झाली. ती त्याने गुणांवर जिंकली. बकलीची तीनशेवी आणि शेवटची लढत ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बर्मिंगहॅममध्ये झाली. त्याआधी कित्येक वर्षं तो सतत हरत आला होता. ती लढत त्यानेही जिंकली. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, हे आपणच मुलांना शिकवतो. तरीही, पुढचा फोन येणार की नाही ही चिंता ज्या रात्री संपली होती, त्या रात्री दोघेही जिंकले. एवढं मात्र मनात राहतं.

कौतुक करताना काय विसरू नये

ही गोष्ट नुसत्या जिद्दीची म्हणून सांगितली तर ती अर्धवट राहील. डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला इजा करतात. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या अशा लक्षणांवर लेख लिहिला होता. १९९१ मध्ये लंडनमध्ये ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकल वॉटसनच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली. रिंगजवळ तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती, म्हणून त्याने बोर्डावर दावा लावला आणि न्यायालयाने बोर्डाला जबाबदार धरलं. ब्रिटनमध्ये आता परवान्यासाठी दरवर्षी मेंदूची तपासणी करावी लागते आणि लढतीच्या वेळी डॉक्टर हजर असतात. तरी धोका संपलेला नाही. वर्षाला दोन लढती करणारा विजेता आणि वर्षाला वीस लढती करणारा जर्नीमन यांच्यात जास्त ठोसे कोण खातो, हे सांगायला गणित लागत नाही. जो सगळ्यांना शिकवतो, त्याच्याच वाट्याला सगळ्यात जास्त मार आणि सगळ्यात कमी नाव येतं. हे न्याय्य आहे का, यावर वर्गात मोकळी चर्चा होऊ द्या. उत्तर आपण आधी द्यायचं नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. बकली आणि लेट यांचे आकडे देऊन विजय, पराभव व बरोबरीची शेकडेवारी काढायला सांगा. मग लेटच्या २७९ पराभवांपैकी किती टक्के वेळा लढत थांबवली गेली ते काढायला सांगा. उत्तर २ टक्क्यांहूनही कमी येतं. त्यानंतर पहिला प्रश्न पुन्हा विचारा, 'हा खेळाडू कसा असेल?'

२. ४०-३६ आणि ३९-३८ हे निकाल कोणकोणत्या फेऱ्यांच्या गुणांनी लागू शकतात, ते गटात शोधू द्या.

३. 'तुमच्या हातात जोर आहे, पण जिंकलात तर पुढच्या महिन्याचं काम जाऊ शकतं. तुम्ही काय कराल?' यावर दहा ओळी लिहायला द्या. बरोबर-चूक असा शेरा मारू नका.

४. पालकांनी घरी एकच करावं. निकाल हातात आल्यावर 'किती पडले?' या प्रश्नाच्या आधी 'पेपर कसा लिहिलास ते सांग' एवढं विचारावं.

माझ्या वर्गात तास संपताना मी फळ्यावरचे चार आकडे पुसले नाहीत. फक्त 'एका शब्दात सांगा' हे वाक्य पुसलं. चूक मुलांच्या उत्तरांत नव्हती, माझ्या प्रश्नात होती. त्या मुलीने मात्र तो प्रश्न सोडून आपला प्रश्न विचारला, आणि त्या दिवशीचा धडा मला तिच्याकडून मिळाला.