डोळ्यात लोखंड गेले तर

आमचा लोहाराचा धंदा आहे हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. या अंकासाठी गुरुजींनी ‘घरात दिसलेले विज्ञान’ हा विषय दिला, तेव्हा मला आप्पांचा डोळाच आठवला.

पेरणीच्या आधी आमच्याकडे कामाची गर्दी असते. मागच्या वर्षी एका रविवारी कुळवाचा गंजलेला बोल्ट तोडायचा होता. मी सांडशीने छिन्नी धरली होती, आप्पा घण मारत होते. मार खाऊन खाऊन छिन्नीचे डोके फुलले होते, कडेला पाकळ्या सुटल्या होत्या. तिसऱ्या घावाला आप्पांनी एकदम डावा डोळा मिटला. मी विचारले तर म्हणाले, “काय नाय रं, चिलट गेलं.” रक्त नाही, फारसे दुखणेही नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी काम केले. रात्री आजीने पदराच्या बोळ्याने डोळा शेकला आणि एरंडेलाचा थेंब सोडला.

तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, “समोर धूर धूर दिसतोय.” तालुक्याला गेलो, तिथून जिल्ह्याला पाठवले. एक्स-रेमध्ये डोळ्याच्या आत ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. छिन्नीची पाकळी उडाली होती!

मी डॉक्टरांना विचारले, लोखंड आत गेले तर दुखले कसे नाही? ते म्हणाले, तिथेच माणूस फसतो. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो बहुधा बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर चिकटतो. टोचते, पाणी येते, उजेड सोसत नाही. माणूस आपणहून दवाखाना गाठतो. डॉक्टर थेंब घालून डोळा बधिर करतात आणि सुईच्या टोकाने कण काढतात. उशीर केला तर एका दिवसातसुद्धा त्याभोवती गंजाचे कडे धरते. घणाखालून उडालेला कपचा मात्र धारदार असतो आणि फार वेगाने येतो. तो पडदा फोडून थेट आत जातो. भोक इतके बारीक, की ते आपोआप मिटते. मग दुखणार काय?

आपण वर्गात ओल्या फडक्यात खिळा ठेवला होता, आठवते? डोळ्याच्या आतही ओलच आहे. तिथे लोखंड गंजते आणि तो गंज मागच्या दृष्टिपटलापर्यंत पसरतो. रात्रीचे दिसणे कमी होते, मोतीबिंदू होतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डोळा जाऊ शकतो. तांब्याचा कण असेल तर डोळा लवकर सुजतो. कणाबरोबर जंतू गेले तर एकदोन दिवसांतच आत पू होतो.

लोहचुंबकाने कण काढण्याची युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात विल्हेल्म फाब्री या शल्यवैद्याला ती त्याच्या बायकोने, मारी कोलिनेने, सुचवली. १८७९ मध्ये बर्लिनच्या हिर्शबर्ग यांनी विजेच्या चुंबकाने डोळ्याच्या आतला कण काढला. आप्पांचा कण बारीक चिमट्याने काढला.

डॉक्टरांनी आजीलाही सांगितले. वरवरची धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. पण घण मारताना किंवा छिन्नीने तोडताना काही गेले असेल, तर चोळू नका, शेकू नका, तेल, दूध, मध काही घालू नका. रुतलेले काही ओढू नका. डोळ्यावर दाब न येईल अशी कागदी पेल्याची झाकण धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. आजी गप्प बसली. मला वाईट वाटले, कारण तिने मायेनेच केले होते.

आप्पांना डाव्या डोळ्याने आता माणूस ओळखू येतो, पण वर्तमानपत्राची अक्षरे लागत नाहीत. छिन्नीच्या पाकळ्या आम्ही घासून टाकल्या आहेत. भात्याजवळच्या खिळ्याला दोन चष्मे टांगले आहेत, एक त्यांचा, एक माझा. घामाने काच धुरकटते म्हणून आप्पा कुरकुरतात. पण त्यांनी चष्मा घातल्याशिवाय मी छिन्नी धरत नाही.

— इयत्ता ७ वी