तट्टूवरून घोड्यावर

माथेरानला गेला असाल तर तेथील तट्टूवर बसण्याची मजा तुम्ही अनुभवली असेलच. तुमच्यापैकी काहीजण घोडेस्वारीच्या वर्गाला जात असतील, तर काहीजण राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात असतील. अशा मुलांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आठव्या वर्षी ज्या तट्टूवर बसून आपण स्वारी शिकलो, त्याच्यावर चौदाव्या वर्षी बसले की पाय खाली लोंबू लागतात. आता मोठा घोडा हवा. पण कोणता? काठेवाडी, मारवाडी, अरबी की शर्यतीचा?

बहुतेकजण रंग पाहतात, आयाळ पाहतात, कानांचा डौल पाहतात. बाजारात अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरविणारेही भेटतात. पण भोवऱ्याने घोड्याच्या पाठीचे बळ वाढत नाही आणि कमीही होत नाही. ही निवड मोजपट्टी, थोडे गणित आणि थोडे जीवशास्त्र यांच्या साहाय्याने कशी करता येते ते पाहू.

तट्टू म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. तट्टू मोठे झाले की त्याचा घोडा होत नाही. घोड्याच्या पिल्लाला आपण शिंगरू म्हणतो. तट्टू हा पूर्ण वाढ झालेला, पण लहान चणीचा घोडाच असतो. दोघांची प्राणिजाती एकच. मानेच्या तळाशी, जिनाच्या किंचित पुढे जो उंचवटा असतो, तेथपर्यंत घोड्याची उंची मोजतात. डोके तो वरखाली करतो, म्हणून ते मोजमापात धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये नाल न ठोकलेल्या स्थितीत १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्या जनावराला तट्टू मानतात.

घोडेवाले उंची 'हँड'मध्ये सांगतात. हा आपला दीड फुटाचा हात नव्हे. ही तळहाताची रुंदी, म्हणजे ४ इंच. १२ हँड म्हणजे ४८ इंच किंवा सुमारे १२२ सेंटिमीटर, आणि १५ हँड म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर.

उंचीचा हा फरक मुख्यतः आनुवंशिक असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की घोड्यांच्या आकारातील ८३ टक्के फरक जनुकसंचातील अवघ्या चार ठिकाणांवरून उलगडतो. माणसाच्या उंचीवर मात्र हजारो ठिकाणांचा थोडाथोडा परिणाम होत असतो. निवडक नरमादींची पैदास करून माणसाने इवल्याशा तट्टूंपासून अवाढव्य गाडाओढ्या घोड्यांपर्यंत जाती कशा घडविल्या, याचे एक उत्तर येथे मिळते.

वजन फितीने मोजा

आता मुख्य प्रश्न ओझ्याचा. घोड्याला काट्यावर उभे करणे सोपे नाही. पण शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग बांधतात तेथे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. येईल ते अंदाजे वजन, किलोग्रॅममध्ये.

समजा, १२ हँड उंचीच्या तट्टूचा घेर १४० आणि लांबी १२५ सेंटिमीटर आहे. त्याचे वजन आले सुमारे २०६ किलो. त्याच बांध्याच्या १५ हँड घोड्याचा घेर १७५ आणि लांबी १५६ सेंटिमीटर भरेल. त्याचे वजन येते सुमारे ४०२ किलो. उंची केवळ सव्वापट झाली, पण वजन जवळजवळ दुप्पट! कारण उघड आहे. उंची सव्वापट झाली की लांबी आणि रुंदीही सव्वापट होतात, आणि सव्वाचा घन १.९५ होतो.

किती ओझे रास्त?

स्वार, खोगीर आणि इतर साज मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावेत, असा एक सर्वसाधारण नियम आहे. २००८ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात हा नियम पडताळून पाहण्यात आला. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांना चालविले आणि पळविले. २५ टक्क्यांपासून स्नायूंच्या दुखण्याची चिन्हे दिसू लागली आणि ३० टक्क्यांना ती ठळक झाली. हृदयाचे ठोकेही वाढले.

हा नियम आपल्या उदाहरणाला लावू. आठव्या वर्षी तुमचे वजन २५ किलो आणि साज ८ किलो, एकूण ३३ किलो. २०६ किलोच्या तट्टूला हे १६ टक्के. काही हरकत नाही. चौदाव्या वर्षी तुम्ही ५० किलोचे झालात, साजासह ५८. आता प्रमाण झाले २८ टक्के! तट्टू बोलत नाही. ते मुकाट्याने चालत राहते, पण त्याची पाठ दुखत असते. आवडत्या तट्टूला सोडताना वाईट वाटते खरे. पण वेळीच उतरणे ही त्याच्यावरची मायाच होय.

१५ हँडच्या घोड्याला हेच ५८ किलो म्हणजे १४ टक्के. उद्या तुम्ही ७० किलोचे झालात तरी साजासह ७८ किलो म्हणजे १९ टक्के होतील. घोडा निवडताना आजचे नव्हे, तर पुढील चारपाच वर्षांनंतरचे वजन धरावे ते यासाठी.

मोठा म्हणजे बळकट?

मग जितका मोठा तितका चांगला का? तसे नाही. हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. उंची सव्वापट झाली तर हे क्षेत्रफळ १.५६ पट होते, पण वजन १.९५ पट. म्हणजे मोठ्या जनावराच्या हाडावर दर चौरस सेंटिमीटरला अधिक ताण पडतो. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालीच दाखवून दिली होती. म्हणून हिमालयातील झंस्कारी आणि स्पिती तट्टे आपल्या आकाराच्या मानाने मोठे ओझे चढणीवर नेऊ शकतात. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडा उंचीने बेताचाच. मोजपट्टी लावली तर तट्टूच ठरेल. पण मराठ्यांच्या घोडदळाची दूरवरची दौड याच काटक जनावरांच्या पाठीवर झाली. तेव्हा नुसती उंची पाहू नका. आखूड व भरदार पाठ, जाड नळी आणि मजबूत खूर पाहा.

आणखी एक फरक बसताक्षणी जाणवतो. लंबकाचा आंदोलनकाल त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चालताना पायही स्थूलमानाने लंबकासारखा झुलतो. पाय सव्वापट लांब झाला तर तट्टूच्या १०० पावलांच्या वेळात घोडा सुमारे ८९ पावले टाकतो, पण प्रत्येक पाऊल सव्वापट लांब! ताल संथ, झेप लांब. तट्टूच्या तुरुतुरु चालीची सवय झालेला स्वार दुडकी चालीत पहिले काही दिवस हमखास गडबडतो.

जातीजातींचे स्वभाव

घोडेवाले 'गरम रक्ताचे', 'थंड रक्ताचे' आणि 'कोमट रक्ताचे' असे गट सांगतात. नावावर जाऊ नका. सर्वच घोड्यांच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ही नावे स्वभावाची आणि वंशाची आहेत.

अरबी आणि शर्यतीचे 'थरोब्रेड' घोडे गरम रक्ताचे. सर्व थरोब्रेड घोड्यांच्या नरवंशाचा माग सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या प्रारंभापर्यंत इंग्लंडात आणलेल्या तीन नरांपर्यंत पोचतो. शर्यतीतून निवृत्त झालेले असे घोडे आपल्याकडे स्वारीच्या शाळांत पुष्कळ दिसतात. ते उंच आणि वेगवान असतात, पण इशारा मिळताच उसळतात. त्यांना आधी पळणेच शिकविलेले असते. नव्याने घोड्यावर येणाऱ्याला ते पुन्हा नीट शिकवून शांत केलेले असतील तरच द्यावेत.

थंड रक्ताचे गाडाओढे घोडे शांत खरे, पण प्रचंड. देह मोठा झाला की वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते आणि उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. आपल्या उन्हाळ्यात त्यांचे हाल होतील. दोन्हींच्या संकरातून झालेले कोमट रक्ताचे घोडे युरोपात उडीच्या स्पर्धांसाठी प्रसिद्ध आहेत.

आपल्या काठेवाडी आणि मारवाडी जाती कोरड्या, उष्ण हवेत घडल्या. आत वळलेल्या कानांवरून त्या चटकन ओळखू येतात. काहींना रेवाल चाल साधते. तीत स्वाराला धक्के फार कमी बसतात. उंचीही तट्टूवरून येणाऱ्याला झेपण्याजोगी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारात या जातींचे घोडे पाहायला मिळतात.

पण लक्षात ठेवा, जात केवळ सरासरी सांगते. एखाद्या वर्गाची सरासरी उंची कळली म्हणून त्यातील एका मुलाची उंची कळत नाही. शांत थरोब्रेड असतो आणि खोडकर काठेवाडीही असतो. म्हणून वयही विचारा. घोड्याचे कायमचे दात पाचव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण येतात आणि कण्याची हाडे पक्की व्हायलाही जवळजवळ तितकाच काळ लागतो. स्वार नवखा आणि घोडाही नवखा, ही जोडी धोक्याची! आठदहा वर्षांचा, शिकलेला घोडा दिसायला साधा असला तरी उत्तम गुरू ठरतो.

या सुट्टीत एक प्रयोग करा. घोड्याच्या मालकाची परवानगी घेऊन, मोतद्दाराला सोबत ठेवून, फितीने एका घोड्याचे वजन काढा. उभे राहा ते खांद्याजवळ, मागे नव्हे. अगदी मागचे त्याला दिसत नाही आणि दचकून तो लाथ मारतो. मग २० टक्क्यांचा हिशेब करून पाहा, तो घोडा तुम्हाला पेलेल का? घोडामैदान जवळच आहे!