जंगल, माणूस आणि पाऊसपाणी

हल्ली कोणत्याही गावच्या पारावर बसा, पावसाची तक्रार ऐकू येते. मृग कोरडा जातो. पेरलेले वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. आणि पाऊस आला की असा येतो, की एका रात्रीत बांध फोडून माती घेऊन जातो.

असे का होते? कोणी म्हणते, माणसे फार झाली. कोणी म्हणते, झाडे तुटली. कोणी म्हणते, कलियुग आहे, दुसरे काय! कलियुग मोजायचे माप आमच्याजवळ नाही. पण माणसे मोजता येतात, झाडे मोजता येतात, हवाही मोजता येते. तेव्हा जे मोजता येते, त्याविषयी या पाठात बोलू.

हवेचे पांघरूण

थंडीच्या दिवसांत आपण घोंगडी पांघरतो. घोंगडीत काही विस्तव नसतो. ती फक्त अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ऊब वाटते.

पृथ्वीलाही असेच पांघरूण आहे. ते हवेचे आहे. दिवसा सूर्य जमीन तापवतो. रात्री ती ऊब आकाशाकडे परत जाऊ लागते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असेल, तर पहाटे कडाक्याची थंडी पडते. आभाळ ढगाळ असेल, तर थंडी कमी वाटते. ढगांनी जमिनीची ऊब अडवलेली असते.

हवेतले काही वायूही असेच ऊब अडवतात. त्यांतला एक महत्त्वाचा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला सोपे नाव देऊ: कर्बवायू. आपण श्वास सोडतो, त्यात हा वायू असतो. लाकूड, कोळसा, रॉकेल, डिझेल, पेट्रोल जळाले, की हाच वायू निघतो. डोळ्यांना तो दिसत नाही.

हा वायू हवेत असतो अगदी थोडा. कारखाने निघण्यापूर्वी दहा लाख भाग हवेत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावरील एका डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने तो नेमका मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो ३१५ भाग भरला. आज तो ४२० च्या वर गेला आहे. म्हणजे शंभराला दीडशे झाले! पांघरूण दाट झाले. पृथ्वीची सरासरी उष्णता एक अंशाहून अधिक वाढली.

कोणी विचारील, एका अंशाने काय होते? आपल्या अंगाचे उदाहरण घ्या. अंगात एक-दोन अंश ताप चढला, तर माणूस अंथरूण धरतो. पृथ्वीचेही काहीसे तसेच आहे. हवा एक अंशाने तापली, की ती शेकडा सुमारे सात भाग अधिक वाफ धरून ठेवू शकते. ही वाफ साचत राहते आणि मग एकदम कोसळते. म्हणून मध्ये बरेच दिवस उघडीप आणि मग एकाच दिवशी ढगफुटीसारखा पाऊस, असे अधिक वेळा घडू लागले आहे. पुण्याला हवामानाचा अभ्यास करणारी मोठी सरकारी संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की मध्य भारतात दूरवर एकदम होणारी अतिवृष्टी १९५० पासून २०१५ पर्यंत तिप्पट झाली. पारावरची तक्रार अगदीच खोटी नाही!

झाड काय काम करते?

झाड नुसते सावली देत नाही. त्याची तीन मोठी कामे आहेत.

पहिले काम कर्बवायू गिळण्याचे. झाडाची पाने हवेतला हा वायू घेतात आणि त्याचे लाकूड करतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो. म्हणजे झाड ही कर्बाची कणगीच म्हणायची. झाड उभे आहे तोवर माल कणगीत. झाड तोडून जाळले, की माल पुन्हा हवेत.

दुसरे काम पाणी मुरवण्याचे. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर पडला, की मातीला मार बसतो. माती सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. झाडाखाली तोच थेंब आधी पानावर पडतो, मग पाल्यापाचोळ्यावर आणि मग हळूच जमिनीत उतरतो. मुळांनी जमीन पोकळ केलेली असते. तेथे पाणी मुरते. तेच पुढे विहिरीला येते. डोंगर बोडका झाला, की पावसाळ्यात ओढ्याला लोंढा येतो आणि होळीलाच विहीर तळ गाठते. मग घागर घेऊन कोसभर कोणी जायचे? घरातल्या बायामुलींनी!

तिसरे काम हवा गार ठेवण्याचे. झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांवाटे वाफ करून सोडते. या वाफेने भोवतालची हवा थंड राहते.

झाडे पाऊस आणतात का?

"झाडे लावा, पाऊस येईल" असे भिंतीवर लिहिलेले तुम्ही वाचले असेल. हे कितपत खरे? आपला मोसमी पाऊस मुख्यतः समुद्रावरून येतो. गावात शंभर झाडे लावली, म्हणून तो वाट वाकडी करून आपल्या गावी येणार नाही. पण आलेले पाणी ती झाडे अडवतील आणि मुरवतील. हेही काही थोडे नाही.

मात्र जंगल फार मोठे असेल, तर ते खरोखरच पाऊस घडवते. याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. तेथे अॅमेझॉन नावाची प्रचंड नदी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना जगातले सर्वांत मोठे पावसाळी जंगल आहे. त्याचा बराच मोठा भाग ब्राझील देशात येतो. तेथला एकेक मोठा वृक्ष दिवसाला शेकडो लिटर पाणी वाफ करून सोडतो. समुद्रावरून आलेला पाऊस जंगल पिते, पुन्हा वर सोडते, तो पुढे पुन्हा पडतो. असे तेच पाणी अनेक वेळा फिरते.

१९७० नंतर ब्राझील सरकारने या जंगलातून लांबच लांब रस्ते काढले. दुष्काळी मुलखातल्या भूमिहीन लोकांना तेथे जमिनी देऊ, असा बेत होता. रस्ता आला, तशी कुऱ्हाड आली. पुढे मोठमोठे जमीनदार आले. त्यांनी जंगल जाळून गुरांची कुरणे केली. सोयाबीनची शेतेही झाली. त्यांतले मांस आणि सोयाबीन दूरदूरच्या देशांत विकले जाते. अॅमेझॉनच्या एकूण जंगलापैकी सुमारे सहावा भाग असा गेला.

मग काय झाले? उघड्या पडलेल्या भागांत कोरडे दिवस वाढले. २०२३ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. मनौस शहराजवळ नदीचे पाणी १९०२ पासून मोजतात. त्या वर्षी ते पूर्वी कधी नव्हते इतके खाली गेले. २०२४ साली त्याहूनही खाली गेले. पाऊस कमी होण्यास समुद्राचे तापणेही कारण झाले. पण जंगल तुटलेले असेल, तर दुष्काळाचा फटका जास्त बसतो.

याची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. ब्राझीलच्या अॅमेझॉनमध्ये २००४ साली एका वर्षात सुमारे २७ हजार ८०० चौरस किलोमीटर जंगल तुटले. सरकारने कडक पहारा बसवला. २०१२ साली तोच आकडा सुमारे ४ हजार ६०० वर आला. म्हणजे मनावर घेतले, तर तोड थांबवता येते.

माणसे वाढली, मग काय झाले?

आता माणसांचा हिशेब. इसवी सन १८०० च्या सुमारास साऱ्या जगात सुमारे १०० कोटी माणसे होती. १९५० साली ती २५० कोटी झाली. २०२२ साली ८०० कोटी झाली. आपल्या देशात १९५१ च्या शिरगणतीत ३६ कोटी माणसे होती, २०११ मध्ये १२१ कोटी.

याचा जमिनीशी संबंध कसा येतो? समजा, आजोबांची वीस एकर जमीन होती. चार मुलांत ती वाटली. प्रत्येकाला पाच एकर. त्यांना पुन्हा चार-चार मुले. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा एकर! सव्वा एकरात पोट भरत नाही. मग माणूस बांध सरकवतो, गायरान नांगरतो, डोंगराच्या उतरणीवर चढतो. सरपणासाठी आधी वाळकी फांदी, मग ओली, मग बुंधा. त्याची हौस नसते, गरज असते. पण कुऱ्हाडीला हौस आणि गरज यांतला भेद कळत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. "तुम्ही खेडूत फार मुले करता, लाकूड तोडता, म्हणून हवामान बिघडले," असे कोणी म्हटले, तर मान खाली घालू नका. हिशेब मागा.

पहिला हिशेब. आज माणूस जेवढा कर्बवायू हवेत सोडतो, त्याच्या दहा भागांपैकी सुमारे एक भाग जंगलतोडीमुळे निघतो. उरलेले नऊ भाग मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे.

दुसरा हिशेब. भारतातल्या माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे २ टन कर्बवायू निघतो. अमेरिकेतल्या माणसामागे सुमारे १४ टन. म्हणजे तेथल्या एका माणसाचा भार येथल्या सात माणसांएवढा! आपल्या देशातही मोटारगाडी, विमान आणि थंड हवेची यंत्रे वापरणाऱ्यांचा भार मोठा, आणि चुलीवर भाकरी भाजणारीचा अगदी लहान.

तिसरा हिशेब. जंगले काही एकट्या गावकऱ्यांनी तोडलेली नाहीत. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. पुढे देशभर रूळ पसरले. त्या रुळांखाली लाकडी पट्ट्या घालत. त्यासाठी साग, साल आणि देवदाराची किती झाडे पडली असतील, याचा विचार करा.

तर मग आपल्यावर काहीच जबाबदारी नाही का? आहे. जगाचे पांघरूण दाट करण्यात आपला हात लहान आहे. पण आपल्या डोंगराची माती, आपल्या विहिरीचे पाणी आणि आपल्या मुलांच्या वाट्याची जमीन ही आपलीच आहेत. ती गेली, तर नुकसान दुसऱ्या कोणाचे नाही.

हे आपल्या हातात आहे

माणसांची वाढ थांबत नाही, असे समजू नका. १९५० च्या सुमारास आपल्या देशात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत ही सरासरी दोनवर आली. महाराष्ट्रात ती दोनच्याही खाली आहे. हे कशाने झाले? मुली शाळेत गेल्या. लग्नाचे वय वाढले. दवाखाना जवळ आला, झालेली मुले जगू लागली. १९७६ साली सक्तीने नसबंदी केली गेली. त्याने लोकांच्या मनात भीती मात्र बसली. जे काम धाकाने होत नाही, ते शिक्षणाने होते.

जंगलाचे आणि पाण्याचे उदाहरण पाहायला आपल्याला ब्राझीलला जायला नको. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. तेथे वर्षाला जेमतेम पंधरा-सोळा इंच पाऊस पडतो. डोंगर बोडके होते. प्यायच्या पाण्याचे हाल होते. माणसे गाव सोडून जात होती. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने एकत्र बसून नियम केले: कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईला बंदी, दारूबंदी, कुटुंब मर्यादित ठेवणे आणि श्रमदान. डोंगरावर चर खणले. झाडे लावली आणि जगवली. पुढे कूपनलिकेचे पाणी शेतीला द्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, असेही ठरवले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची, ते गाव ठरवते. विहिरींना पाणी आले. गेलेली कुटुंबे परत आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री देण्याचे जाहीर झाले.

पाहा, तेथे पाऊस वाढला नाही. पाऊस तेवढाच आहे. पण तो गावात थांबू लागला.

आता तुमच्या गावाचे काय? तुमच्या गावाला गायरान किती? त्यातले किती झाडाखाली, किती नांगराखाली? गायरानाचाही सातबारा निघतो. ग्रामसभेचे ठराव वहीत लिहिलेले असतात. आजवर ही कागदपत्रे दुसरा कोणीतरी वाचून दाखवी आणि आपण मान डोलवीत असू. आता तुम्हांला अक्षरे येतात. पुढच्या ग्रामसभेला जा, वही मागून घ्या आणि स्वतः वाचा. झाडांविषयी एकही ठराव सापडला नाही, तर तो मांडणारे पहिले तुम्ही व्हा.