शेवट आधीच सांगून टाकणारा सिनेमा

आज बोलूया फिल्म न्वारबद्दल. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच सिनेमा घेऊ: बिली वाइल्डरचा १९४४ चा 'डबल इंडेम्निटी'.

लॉस एंजेलिस, रात्रीची वेळ. वॉल्टर नेफ नावाचा इन्शुरन्स एजंट जखमी अवस्थेत ऑफिसात येतो, डिक्टाफोन सुरू करतो आणि कबुली देतो. खून मीच केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी. हाती काहीच लागलं नाही. झालं, पहिल्या काही मिनिटांतच शेवट फुटला!

मग पुढे बघायचं काय? 'कोणी केलं' हा प्रश्न संपतो आणि 'इतका हुशार माणूस अडकला कसा' हा सुरू होतो. फिलिसच्या नवऱ्याची पॉलिसी त्याच्या नकळत काढायची आणि तो ट्रेनमधून पडून मेला असं भासवायचं, असा बेत. रेल्वे अपघातात भरपाई दुप्पट, म्हणजे ५० हजारांऐवजी १ लाख डॉलर. सिनेमाचं नाव त्यावरूनच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं: सिस्टीम आतून माहीत असलेलाच तिला फसवायला बघतो. पण क्लेम तपासणारा कीज त्याच्याच ऑफिसात बसलाय.

त्या काळी हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडनुसार पडद्यावर गुन्हेगार सुटून चालत नसे. म्हणजे नेफ बुडणार, हे ठरलेलंच. मला वाटतं, वाइल्डर आणि सहलेखक रेमंड चँडलर यांनी या बंधनाचंच बळ केलं. शेवट माहीत असल्यामुळे नेफचा प्रत्येक आत्मविश्वासू डायलॉग ऐकताना पोटात गोळा येतो. कॅमेरामन जॉन साइट्झ खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या अशा पाडतो, की माणसं घरातच गजाआड दिसतात.

गंमत म्हणजे, आपण 'न्वार' बनवतोय हे या मंडळींना माहीतच नव्हतं. युद्धानंतर हे अमेरिकन सिनेमे पॅरिसला पोचले आणि १९४६ मध्ये समीक्षक निनो फ्रँक यांनी त्यांच्यासाठी 'फिल्म न्वार' हा शब्द वापरला. ऑस्करची सात नामांकनं होती, मिळालं एकही नाही. तरी निवेदनातून उलगडणारा भूतकाळ, धोकादायक नायिका, स्वतःच्या पायाने खड्ड्यात जाणारा नायक, हा साचा पुढच्यांनी इथूनच उचलला.

बघताना एक करा, काडेपेटीवर लक्ष ठेवा. कीजचा सिगार दरवेळी नेफ पेटवतो. वाइल्डरने नेफच्या मृत्युदंडाचा प्रसंग शूट करून शेवटी काढून टाकला. त्याची गरज का उरली नाही, ते शेवटची काडी कोण पेटवतं यावरून कळेल.